गुप्त गाणे सर जाहले, त्याची हकिकत

घडले ते घडले तैसे लिहावे, तिखटमीठ लावू नये, आणि लावल्यावाचून राहवेनाच तर चवीपुरते लावावे, ऐसी ताईसाहेबांची आज्ञा जाहली. आणि वर आणखी ताकीद जाहली की हा कागद ग्रंथपालबाईंचे दृष्टीस प्राण गेला तरी पडू देऊ नये. आज्ञा शिरसावंद्य मानोन सेवकाने कलम हाती घेतले. पूर्वी थोर थोर राजे जाहले, त्यांनी गड घेतले, मुलूख मारिले, पुरात घोडी घातली, त्यांच्या बखरी लिहिणारे बहुत जाहले. परंतु एका मेहुण्याने भावोजींशी अबोला धरिला, आणि त्यापायी दोन स्पीकर एकीकडे व प्लेअर दुसरीकडे ऐसी ताटातूट जाहली, आणि मग एका गाण्याने दोहोंचा तह करविला, हे वर्तमान कोणी लिहून ठेविले नाही. ती उणीव आज भरून काढितो. श्रोत्यांनी चहाचा कप जवळ घेऊन सावध बसावे.

राजमान्य राजश्री कवळीबहाद्दर हे पेशाने दंतकारागीर. दंतवैद्यांनी जबड्याचे माप पाठवावे आणि यांनी त्या मापाबरहुकूम कवळी घडवावी, घासावी, चमकवावी आणि रवाना करावी, ऐसा शिरस्ता. शहरातील कित्येक वडीलधारी मंडळी यांच्याच दातांनी हसत होती. परंतु हा झाला पोटाचा उद्योग. जिवाचा उद्योग निराळा, तो इंडी रॉक ऐकण्याचा. इंडी रॉक म्हणजे काय, ऐसे कोणी पुसेल तर खुलासा ऐसा, की जे बँड कोणा बड्या कंपनीची चाकरी न पत्करिता आपले गाणे आपण रचितात, आपल्याच खोलीत मुद्रित करितात, आणि ज्यांचे नाव घेतले असता समोरचा इसम 'कोण?' म्हणोन विचारितो, त्यांचे संगीत. 'कोण?' ऐसे विचारिले म्हणजे या पंथाच्या भक्तास मूठभर मांस चढते. आणि 'हो, ऐकलंय मी' म्हटले तर तोच भक्त हिरमुसतो, आणि त्या बँडात आता पूर्वीचा राम राहिला नाही ऐसे जाहीर करितो.

या पंथाची दीक्षा कवळीबहाद्दरांस दिली ती त्यांच्या भावोजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान राजश्री लिफ्टराव यांनी. लिफ्टराव लिफ्टदुरुस्तीच्या कामात मोठे नामांकित. लिफ्ट वर जात असता खाली उभे राहोन डोळे मिटावे, आणि कोणत्या मजल्यावरचे कोणते चाक कुरकुरते ते नुसत्या कानाने सांगावे, ऐसी त्यांची सलाबत. ताईसाहेबांचे लग्न नवे होते तेव्हाची गोष्ट. कवळीबहाद्दर त्या काळी कॉलेजात होते, आणि आपली ताई परक्याने नेली म्हणोन तोंड फुगवून तिच्या नव्या घरातील खुर्चीत बसले होते, आणि कोणी काही विचारिले तर 'हं' पलीकडे उत्तर देत नव्हते. तेव्हा लिफ्टराव जवळ येऊन बसले, समजूत घातली नाही, विनोद केला नाही, फक्त आपल्या कानातील एक इयरफोन काढून मेहुण्याचे कानात घातला. 'ओले जिने' नामक चार इसमांच्या बँडाचा 'पोटमाळा' हा पहिला अल्बम वाजत होता. दोघांनी तो एकेका कानाने अखेरपर्यंत ऐकिला. शेवटचे गाणे संपले, कवळीबहाद्दर इयरफोन काढू लागले, तेव्हा लिफ्टरावांनी हात धरोन खूण केली, की थांब. मग बराच काळ नुसती शांतता गेली, आणि त्या शांततेच्या पोटातून एक गुप्त गाणे निघाले, ज्याचा उल्लेख वेष्टणावर कोठेही नव्हता. ते ऐकोन कवळीबहाद्दरांचे तोंड उतरले, म्हणजे फुगलेले होते ते उतरले, आणि त्या घटकेपासून भावोजी आपले जाहले.

पुढे वर्षे गेली आणि लिफ्टरावांच्या घरी रविवारी दुपारी मजलस भरू लागली. सीडीचा प्लेअर लिफ्टरावांचा, स्पीकर कवळीबहाद्दरांनी पहिल्या कमाईतून आणिलेले. तिसऱ्या मानकरी ग्रंथपालबाई. वाचनालयात आयुष्य घालविल्यामुळे शांततेच्या कामी त्यांचा शब्द अखेरचा. मजलशीचे कायदे कडक होते. अल्बम पहिल्या गाण्यापासून अखेरपर्यंत क्रमाने ऐकावा, मधले गाणे वगळणारास क्षमा नाही. वाजत असता कोणी ब्र काढू नये. आणि एकदा ऐकिलेला अल्बम आठवडाभर मुरू द्यावा, पुढील रविवारावाचून पुन्हा लावू नये. प्लेअर इतका जुना की त्याच्या चिमुकल्या पडद्यातील दिवा केव्हाच विझला होता, त्यामुळे आत तबकडी फिरते आहे की थांबली आहे हे बाहेरून कळत नसे. परंतु त्याची खंत कोणास नव्हती. गाणे संपले की नाही हे कानास कळावे, डोळ्यांस काय त्याचे, ऐसे लिफ्टराव म्हणत.

ऐसे सुखाने चालले असता 'ओले जिने' यांनी तिसरा अल्बम काढिला, नाव 'निऑनचे घर', आणि त्यात गिटार मागे सारोन कीबोर्ड पुढे आणिला. मजलशीत तो ऐकिला गेला आणि लिफ्टरावांनी फर्माविले की बँड मोठा जाहला, वाढला, नवी वाट काढिली. कवळीबहाद्दरांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा जाहला.

"कसली वाट? हे लिफ्टमध्ये वाजवतात तसलं झालंय, भावोजी."

"लिफ्टला नावं ठेवू नकोस."

"लिफ्टला नाही ठेवत. पण तुम्हाला हे आवडत असेल ना, तर तुम्हाला कान नाहीत."

ज्याचे पोट कानावर चालते त्यास कान नाहीत म्हणणे म्हणजे सरदाराच्या कमरेची तलवार काढून तिने भाजी चिरण्यासारखे. लिफ्टराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आणि तुला काय कळतं रे? दात! ते पण खोटे!"

मग कवळीबहाद्दरांनी रागाचे भरात स्पीकरांच्या तारा ओढून काढिल्या, एक स्पीकर या काखेत आणि एक त्या काखेत मारिला, आणि चप्पल घालण्याचेही विसरोन जिना उतरले. चपला ताईसाहेबांनी मागाहून पोचविल्या. ग्रंथपालबाई दोहोंकडे पाहात राहिल्या आणि म्हणाल्या, "हळू बोला," परंतु तोवर बोलणेच संपले होते.

त्यानंतरचा काळ मोठा कठीण गेला. इकडे प्लेअर होता त्यास आवाज नव्हता, तिकडे स्पीकर होते त्यांस गाणे नव्हते. कवळीबहाद्दरांनी ते आपल्या कारखान्यात फळीवर प्लास्टरच्या जबड्यांचे शेजारी मांडिले, आणि ते जबडे दिवसभर त्यांजकडे पाहोन हसत. नवा प्लेअर घ्यावा तर माघार घेतल्यासारखे होईल, ऐसे यांस वाटे. नवे स्पीकर घ्यावे तर मेहुण्यावाचून अडले ऐसे दिसेल, ऐसे त्यांस वाटे. दोघेही फोनवर ऐकत आणि दुधाची तहान ताकावर भागवीत. ताईसाहेबांचे हाल निराळेच. भाऊ यायचा तो यजमान कामावर असता, यजमान यायचे ते भाऊ गेल्यावर. त्यामुळे त्यांस एकच चहा दोन वेळा करावा लागे, आणि दोन्ही वेळा समोरच्याने कप तोंडास लावोन 'तो काय म्हणतो?' ऐसे उगाच विचारिल्यासारखे विचारावे. एकदा त्या चिडून भावास म्हणाल्या, "मी काय पोस्टमन आहे? जाऊन विचार की स्वतः." कवळीबहाद्दरांनी कप उचलोन तोंडास लाविला. खरे सांगावे तर त्यांस भावोजींची फार आठवण येत होती. नवे गाणे आवडले म्हणजे हात आपसूक फोनकडे जाई, भावोजींस ऐकवावे म्हणोन, आणि मग आठवे, आणि हात मागे येई. परंतु आधी बोलणार कोण?

वर्ष सरले, दुसरेही सरत आले, आणि मग ग्रंथपालबाईंकडून वर्तमान आले की 'ओले जिने' यांनी चौथा अल्बम काढिला आहे, नाव 'सामानाची खोली', आणि त्याची तबकडी बाईंनी मागवून हस्तगत केली आहे. फोनवरील भक्तमंडळींत एकच गिल्ला उडाला. कोणी लिहिले की हा अल्बम पहिल्याची बरोबरी करील, कोणी लिहिले की यांनी दुसऱ्यानंतरच थांबायला हवे होते, कोणी लिहिले की आपण हा बँड पहिला अल्बम निघण्यापूर्वीपासून ऐकतो. परंतु एका बाबतीत सर्वांचे एकमत, की पहिल्या अल्बमात जैसे गुप्त गाणे होते तैसे यातही असणार. पुरावा कोणापाशी नव्हता, आणि त्यामुळेच शंका कोणास नव्हती.

ग्रंथपालबाईंनी ही संधी साधिली. तबकडी त्यांचे हाती, प्लेअर एकाकडे, स्पीकर दुसऱ्याकडे. तिघे एकत्र जाहल्यावाचून गुप्त गाणे कानी पडत नाही, हे त्यांनी दोन्ही दरबारी जाऊन समजाविले. लिफ्टरावांनी जबाब दिला की गुप्त गाणे कीबोर्डावर असेल, आणि ते मेहुण्याने समोर बसोन ऐकावे ऐसी आपली इच्छा आहे. कवळीबहाद्दरांनी जबाब दिला की ते गिटारीवर असेल, आणि भावोजींचे तोंड तेव्हा पाहाण्यासारखे होईल. मग कलमे ठरली, की गुप्त गाणे गिटारीचे निघाल्यास प्लेअर कवळीबहाद्दरांचे पदरी जावा, कीबोर्डाचे निघाल्यास स्पीकर लिफ्टरावांचे पदरी राहावे; कान आणि दात हे दोन शब्द कोणी उच्चारू नयेत; आणि पहिल्या सुरापासून गुप्त गाण्याच्या अखेरच्या सुरापर्यंत जो बोलेल त्याची हार. बाई म्हणाल्या, "आणि खोकला आला तर बाहेर जाऊन खोका."

कवळीबहाद्दरांनी वरकरणी मोठी मिजास दाखविली, परंतु रात्री त्यांस झोप लागेना. पैज हरलो तर स्पीकर जातील, त्याचे काही नाही. जिंकलो तर प्लेअर आपल्याकडे येईल, आणि मग त्या घरी पुन्हा जाण्यास निमित्त उरणार नाही, हे त्यांचे ध्यानी आले.

रविवार उजाडला आणि स्वारी निघाली. दोन्ही स्पीकर चादरीत गुंडाळून टॅक्सीच्या मागील आसनावर बसविले, त्यांस पट्टे बांधिले, आणि स्वतःस बांधण्याचे विसरले. लिफ्टरावांच्या इमारतीपाशी पोचोन पाहातात तो लिफ्ट बंद, दारावर पाटी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग कवळीबहाद्दरांनी चार मजले चढोन जाण्याचा निर्धार केला, आणि प्रत्येक मजल्यावर दम घेत, घाम पुशीत, स्पीकर पायरीवर ठेवीत आणि पुन्हा उचलीत वर गेले. दार लिफ्टरावांनीच उघडिले. दोघे समोरासमोर उभे राहिले.

"ये," लिफ्टराव म्हणाले.

"आलो," कवळीबहाद्दर म्हणाले.

आणि मग लिफ्टरावांनी पुढे होऊन त्यांच्या हातातील एक स्पीकर घेतला. तारा जोडण्याचे काम दोघांनी न बोलता केले. कोणती तार कोठे जाते हे दोघांचे हात विसरले नव्हते.

मग बंदोबस्त जाहला. दाराच्या घंटेची तार सोडविली, फोन बंद करोन पावाच्या डब्यात कोंडिले, पंखा कुरकुरतो म्हणोन थांबविला, आणि ताईसाहेबांस हुकूम जाहला की गाणी चालू आहेत तोवर भांड्यास भांडे लागू नये. ताईसाहेबांनी विचारिले, "किती वेळ?" ग्रंथपालबाईंनी सांगितले, "पाऊण तास." ताईसाहेब मान डोलवून आत गेल्या. शांततेनंतर गुप्त गाणे असते, हे त्यांस सांगावे ऐसे कोणाचे मनात आले नाही, आणि साऱ्या मोहिमेचे मर्म याच एका विसरण्यात होते.

तबकडी लागली. लिफ्टराव आपल्या खुर्चीत, कवळीबहाद्दर शेजारच्या, ग्रंथपालबाई मध्यभागी परंतु किंचित मागे, पंचासारख्या. पहिले गाणे गिटारीचे निघाले आणि कवळीबहाद्दरांची छाती फुगली. दुसऱ्यात कीबोर्ड आला आणि लिफ्टरावांनी भुवई उंचाविली. तिसऱ्यात दोन्ही होते आणि दोघांनीही ते आपल्या खाती जमा केले. ऐसी लढाई भुवयांनी, मानेच्या झटक्यांनी आणि पायाच्या ठेक्याने चालली. खरे लिहावयाचे तर अल्बम बेताचाच होता. गाणारा थकल्यासारखा गात होता, ढोलवादक घड्याळाकडे पाहात असावा ऐसे वाटे, आणि सहावे गाणे संपले की नाही हे सातवे सुरू होईतो कळले नाही. हे तिघांसही जाणवत होते आणि तिघांचेही मनी एकच आशा होती, की गुप्त गाणे सारे भरून काढील.

शेवटचे गाणे संपले. शांतता जाहली. कोणी हलले नाही.

आत तबकडी थांबली होती. परंतु पडद्यातील दिवा नसल्याने ते कोणास दिसले नाही, आणि दिसते तरी कोणी मानिते ना. तिघे मान खाली घालोन वाट पाहात बसले. त्या शांततेत कवळीबहाद्दरांनी हळूच बाजूस पाहिले. भावोजींच्या कानामागील केस पांढरे जाहले होते. पायात त्याच जुन्या सपाता होत्या, अंगठ्यापाशी उसवलेल्या. आपण नव्हतो तेवढ्या काळात हा माणूस म्हातारा होऊ लागला आणि आपण स्पीकर फळीवर ठेवोन बसलो, हा विचार त्यांचे मनी आला. बोलावे ऐसे वाटले. परंतु बोलले तर हार.

आणि तेवढ्यात भिंतीच्या पोटातून सूर उठला. प्रथम दूरवर पाणी वाहात असावे ऐसी सळसळ, मग खोल, घुमणारा, घुम्, घुम्, आणि तिसऱ्या ठोक्यास एक अडखळता टक्. घुम्, घुम्, टक्. गिटार नाही, कीबोर्ड नाही, गाणारा नाही. ग्रंथपालबाईंनी डोळे मिटिले. लिफ्टराव पुढे झुकले. ज्या कानाने आठव्या मजल्यावरचे चाक तळमजल्यावरून ओळखावे, त्या कानाने निवाडा दिला की हा ठेका माणसाच्या हाताचा आहे. यंत्र ऐसे वाजवीत नाही, यंत्राचा तिसरा ठोका ऐसा मागे रेंगाळत नाही. कवळीबहाद्दरांच्या अंगावर काटा आला. ठेका थांबला, पुन्हा सळसळला, आणि मग वेग धरू लागला. घुमघुमटक् घुमघुमटक्, आणखी वेग, आणखी, जमीन थरथरू लागली, खिडकीची काच वाजू लागली, आणि सारे कळसास पोचले ऐसे वाटते तोच हळूहळू मंदावत मंदावत एक टक् होऊन थांबले.

आता भिंतीपलीकडील वर्तमान. ताईसाहेब पाऊण तास भांड्यास भांडे लागू न देता बसल्या होत्या. गाणी थांबली, शांतता जाहली, बराच वेळ काही वाजेना. तेव्हा मजलस उठली ऐसे समजोन त्यांनी तुंबलेले धुणे यंत्रात घातले आणि कळ दाबिली. त्या धुलाईयंत्राचा एक पाय फार दिवस सैल होता. लिफ्टराव 'उद्या बघतो' म्हणत आले होते, आणि तो उद्या काही उजाडला नव्हता. धुणे पिळोन जाहल्यावर ताईसाहेब ओले कपडे खांद्यावर टाकोन वाळत घालण्यास निघाल्या आणि मजलशीच्या दारात थबकल्या.

आत ग्रंथपालबाई डोळे पुशीत होत्या. लिफ्टराव आणि कवळीबहाद्दर एकमेकांकडे तोंड करोन, गुडघ्यास गुडघा लावोन बसले होते आणि दोघे एकदम बोलत होते.

"तो तिसरा ठोका ऐकलास? मागे पडत होता, मुद्दाम!"

"मुद्दामच! आणि शेवटी जमीन हलली, भावोजी. नुसत्या ढोलानं!"

"दहा वर्षांत यांनी असलं काही केलं नव्हतं."

"पोटमाळ्यानंतर हेच. बाकीचा अल्बम टाकून द्या."

ताईसाहेबांचे ध्यानी सारा प्रकार आला. त्यांनी तोंड उघडिले. मग समोर पाहिले, की किती दिवसांनी भाऊ या घरात हातवारे करोन बोलत आहे आणि यजमान त्यास टाळी देत आहेत. आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी हसूही आवरेना. तेव्हा त्या तैशाच मागे फिरल्या, स्वयंपाकघरात गेल्या, नळ पूर्ण सोडिला आणि त्याच्या आवाजात पोटभर हसून घेतले. ग्रंथपालबाईंनी निवाडा दिला, की गाण्यात गिटारही नाही आणि कीबोर्डही नाही, सबब कोणी जिंकले नाही. याचा उलगडा होईतो स्पीकर आणि प्लेअर एके जागी राहावे. कवळीबहाद्दर रिकाम्या हातांनी जिना उतरले आणि वाटेत चारी मजले घुम्, घुम्, टक् ऐसे पुटपुटत गेले. बाईंनी त्याच संध्याकाळी भक्तमंडळींस कळविले की गुप्त गाणे आहे, आणि ते यंदाचे सर्वोत्तम आहे. दूरदूरचे भक्त तबकड्या लावोन शांततेत बसू लागले. एकाने तर लिहिले की आपण तेच गाणे ऐकिले, फक्त आपल्याला ते किंचित लांबल्यासारखे वाटले.

आठवडा मुरला आणि दुसरा रविवार आला. ग्रंथपालबाई दुपारी येणार होत्या. कवळीबहाद्दर सकाळीच हजर जाहले. लिफ्टराव बहुत खुशीत होते, आणि माणूस खुशीत आला म्हणजे त्यास जुनी कामे आठवितात. ते हत्यारांची पिशवी घेऊन उठले.

"अगं, आज तुझ्या मशीनचा पाय करूनच टाकतो."

ताईसाहेबांनी हातातील कप खाली ठेविला. "राहू द्या हो आज."

"दोन वर्षं माझ्या मागे लागली होतीस ना?"

"म्हणून काय झालं? रविवार आहे. बसा जरा."

"अरे, मी म्हणतो ना, आज होऊनच जाऊ दे! चल रे, तू वरून धर."

ताईसाहेबांनी पाना सापडत नसल्याचे सांगितले, तो पिशवीत निघाला. पाणी नसल्याचे सांगितले, ते होते. मग नाइलाज होऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि मनात म्हणाल्या, आता झालं कल्याण. लिफ्टरावांनी दोन टॉवेल आत टाकोन यंत्र चालू केले, कारण दोष आधी कानाने ऐकावा आणि मग पान्यास हात लावावा हा त्यांचा शिरस्ता. आणि जमिनीवर पालथे पडोन पायाशी कान नेला. कवळीबहाद्दर वरून झाकण दाबोन उभे राहिले.

प्रथम सळसळ जाहली. मग घुम्. मग घुम्. मग, किंचित मागे रेंगाळून, टक्.

 कवळीबहाद्दरांच्या तळहातास ठेका लागत होता आणि त्यांच्या अंगावर तोच काटा पुन्हा येऊ लागला, आणि अर्ध्यावर थांबला. खाली लिफ्टरावांनी हळूहळू मान वर केली. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल जाहला होता. ज्या माणसाने उभे आयुष्य यंत्रे ऐकण्यात घालविले, त्याने आपल्याच घरचे यंत्र ऐकोन 'हा माणसाचा हात' ऐसे मानिले होते. आणि समोर कोण उभा? ज्याने एकदा 'तुम्हाला कान नाहीत' म्हटले होते, तोच. आता त्याने पुन्हा तेच म्हणावे, आणि या वेळी त्याचे बोलणे खोटे कोणी पाडू शकणार नव्हते. लिफ्टराव पाना हातात घेऊन वाट पाहात राहिले. दारात ताईसाहेबांनी श्वास धरिला. दोन वर्षांचा सूड, तोही पुराव्यानिशी, कवळीबहाद्दरांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता.

कवळीबहाद्दरांनी यंत्राकडे पाहिले. मग भावोजींच्या कानामागील पांढऱ्या केसांकडे पाहिले. आणि म्हणाले,

"अर्धा फेरा अजून सैल करा, भावोजी. त्या दिवशी टक् जरा जास्त मागे पडत होतं."

लिफ्टरावांनी पुन्हा पायाशी कान नेला. मग त्यांनी पाना लाविला, आणि उलट फिरविला. घुम्, घुम्, आणि मग, थोडे थांबून, टक्.

"असं?"

"हां. असंच."

आणि मग लिफ्टराव जमिनीवर पडल्यापडल्या हसू लागले, आणि कवळीबहाद्दर झाकणावर डोके टेकून हसू लागले, आणि यंत्र दोघांस हलवीत राहिले. ताईसाहेब डोळे पुशीत म्हणाल्या, "कान नाहीत. दोघांनाही नाहीत." या निवाड्यास दोन्ही पक्षांनी मान तुकविली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. ग्रंथपालबाई वेळेआधीच आल्या होत्या. दोघांनी चेहरे सरळ केले, ताईसाहेबांनी टॉवेल लपविले, आणि त्या दुपारी मजलस यथास्थित भरली. अखेरचे गाणे संपले, शांतता जाहली, लिफ्टरावांनी घसा खाकरल्यासारखे केले, आणि भिंतीपलीकडे कळ दाबिली गेली. बाईंच्या डोळ्यांस पुन्हा पाणी आले. संपल्यावर म्हणाल्या, "आज आवाज जास्त खोल वाटला." त्या दिवशी ताईसाहेबांनी यंत्रात चादरी घातल्या होत्या. लिफ्टरावांनी गंभीरपणे सांगितले, "दुसऱ्यांदा ऐकलं की खोली कळते," आणि कवळीबहाद्दरांस एकदम पाणी पिण्यास जावे लागले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. स्पीकर आणि प्लेअर एके जागी नांदू लागले, कारखान्यातील फळी रिकामी जाहली आणि तेथे जबडे ऐसपैस बसले. 'निऑनचे घर' चांगला की वाईट, हा तंटा अद्याप सुटलेला नाही आणि दर रविवारी नव्याने होतो, परंतु तारा कोणी ओढीत नाही. यंत्राचा पाय सैल तो सैलच आहे. ते चालते चालते दारापर्यंत येते, त्यामुळे धुण्याच्या वेळी त्यास धरोन उभे राहाण्याची चाकरी ताईसाहेबांनी दंड म्हणोन दोघांवर लादिली आहे, आणि ते दोघे ती चाकरी आळीपाळीने, एकेक इयरफोन वाटून घेऊन, आनंदाने करितात. ग्रंथपालबाईंस यातले काही ठाऊक नाही आणि होऊ नये. आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप जाहला ते अखेरीस नमूद करोन कलम खाली ठेवितो, की त्या घरात आता चहा एकदाच होतो.